नवमीची सवाष्ण

गुरुजींनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "श्रीनिवासराव, पितर थांबतील. त्यांना कुठे जायचं नाही. मला अजून तीन घरं आहेत."

बाराला आठ मिनिटं कमी होती. पिंडदान झालं होतं, स्वयंपाक तयार होता, पानाभोवती रांगोळी काढून झाली होती. सवाष्ण तेवढी आली नव्हती आणि ती पाटावर बसल्याशिवाय गुरुजींना संकल्प सोडता येत नव्हता.

अविधवा नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालायचं, ओटी भरायची. नवरा आहे तोवरच ही नवमी करायची, असं श्रीनिवासरावांच्या घरात मानत. म्हणजे ते गेले की त्यांच्या बायकोची, श्यामलेची, ही तिथीही जाणार होती. गेल्या वर्षापर्यंत समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आल्या. मग त्या मुलीकडे अमेरिकेला गेल्या. आता नारायण पेठेत दुपारी बारा वाजता घरी असलेली सवाष्ण मिळवायची म्हणजे पंचाईतच. म्हणून यंदा गुरुजींनीच दीपमाला नावाच्या एक बाई फोनवरून ठरवून दिल्या होत्या; गुरुजींनीही त्यांना अजून पाहिलेलं नव्हतं.

"बाई यायच्या आहेत ना नक्की?" त्यांच्या मुलाने, आमोदने विचारलं. तो सोवळं नेसून बसला होता आणि आतल्या खोलीत त्याचा लॅपटॉप उघडा होता. हिंजवडीच्या ऑफिसला त्याने अर्धीच रजा कळवली होती.

"येतील. आज त्यांनाही चार घरं आहेत," गुरुजी म्हणाले. "तुमच्या कंपनीसारखं त्यांना घरून काम करता येत नाही."

आमोदची बहीण स्वराली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. एरवी ती हसली असती. सकाळी कोथरूडहून अळूवड्या घेऊन आली तीच भांडत आली होती. कारण आदल्या संध्याकाळी पोलीस चौकीवरून फोन आला होता. रोहनने पॅरोलचा अर्ज केला होता. त्याची आई, सोजरबाई, शेवटच्या घटका मोजत होती. पंधरा दिवस सोडावं का, यावर मयताच्या घरच्यांचं म्हणणं घ्यायला दुपारी दोनला हवालदार येणार होते.

रोहन म्हणजे तो स्कूटरवाला. पाच वर्षांपूर्वी सिग्नल लागला म्हणून त्याने स्कूटर फुटपाथवर चढवली होती. श्यामला आडवी उभी राहिली. ती नेहमीच उभी राहायची. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यावर पुण्यातला प्रत्येक माणूस तिला आपल्या वर्गातला वाटे. "रस्ता तिकडे आहे, हा चालणाऱ्यांचा," असं म्हणून ती हाताची घडी घालून उभी राही. त्या दिवशी रोहनने स्कूटर उभी केली, उतरला आणि तिला खांद्याला धरून ढकललं. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. चार दिवसांनी ती गेली. ढकलतानाचा तेवढा तीन सेकंदांचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता, तो साऱ्या शहराने पाहिला. आमोदने मोर्चे काढले, सह्या गोळा केल्या, टीव्हीवर बोलला. शेवटी सदोष मनुष्यवध लागला आणि सात वर्षांची शिक्षा झाली.

"सात वर्षं दिली, काय फरक पडला?" स्वराली सकाळी म्हणाली होती. "निकालानंतर पंधरा दिवस फुटपाथवर गाडी दिसली नाही. सोळाव्या दिवसापासून परत सुरू. आता फरक एवढाच, की कोणी अडवत नाही. सगळे मोबाइल काढून उभे राहतात."

"म्हणून सोडून द्यायचं?"

"पंधरा दिवस, दादा! मरणाऱ्या आईला भेटायला."

"आपल्याला कुठे भेटता आलं? चार दिवस ती बेशुद्ध होती. आपण काचेतून बघत होतो."

"मग त्यानेही काचेतून बघावं, असं आहे का तुझं? याला न्याय नाही म्हणत. सूड म्हणतात."

"म्हण की. नाव काय द्यायचं ते तू ठरव, मराठी तुझं चांगलं आहे. मला तो आत हवाय."

तनया, आमोदची बायको, वडे तळत होती. तिने मान वळवून एवढंच म्हटलं, "आमोदचं बरोबर आहे. पंधरा दिवस म्हणत बाहेर येतात आणि पळून जातात." आणि गॅस बारीक केला.

हे सगळं श्रीनिवासरावांनी ऐकलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी शिवाजीनगरच्या कोर्टात लघुलेखकाचं काम केलं होतं. दुसरे काय म्हणतात ते लिहून घ्यायची सवय हाडात मुरली होती. आणि अशा अर्जांचं काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला राग आहे का, तुम्ही माफ केलंत का, असलं तिथे कोणी विचारत नाही. एकच विचारतात. तुम्हाला त्याची भीती वाटते का? हो म्हटलं, की 'अर्जदारास रजेवर सोडल्यास मयताच्या कुटुंबीयांच्या जीवितास धोका संभवतो' हे वाक्य पडतं आणि अर्ज तिथेच बसतो. ते वाक्य त्यांनी स्वतः शेकडो वेळा टाइप केलं होतं. खरोखर भीती वाटते का, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. ते त्यांचं काम नव्हतं.

दाराची बेल वाजली.

"आल्या एकदाच्या," तनया म्हणाली आणि पदराला हात पुसत धावली.

दारात तिशीची एक बाई उभी होती. साधी सुती साडी, कपाळाला टिकली, गळ्यात मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. तीन जिने चढून तिला धाप लागली होती.

"श्रीनिवास काकांचं घर हेच ना? मी पायल..."

"हेच, हेच. अहो, किती वाट बघायला लावलीत! या, आत या. चपला तिथेच काढा."

"माझं थोडं काम होतं, मी..."

"कामाचं मागून बघू. गुरुजी खोळंबलेत." तनयाने तिची पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली, तिला हाताला धरून मोरीपाशी नेलं आणि तांब्या घेऊन खाली बसली. त्या बाईने पाय मागे घेतला. तनयाने तो पुढे ओढला आणि पाणी घातलं.

"अहो, नको," ती बाई म्हणाली.

"नको काय? आज तुम्ही आमच्या आई."

त्यावर त्या बाईने पाय मागे घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं श्रीनिवासरावांनी पाहिलं. ते मनाशी म्हणाले, भाविक दिसते, पैसे घेऊन येणाऱ्यांतही अशा असतात तर. तिला पाटावर बसवलं. गुरुजींनी भराभरा संकल्प सांगितला, आमोदने पाणी सोडलं. गुरुजी शिधा घेऊन उठले आणि चपला घालता घालता म्हणाले, "सावकाश जेवा हो बाई. घाई मला आहे, तुम्हाला नाही."

ती जेवायला लागली. पहिले दोन घास तिने कसेबसे घेतले. मग मात्र खाली मान घालून ती भुकेल्या माणसासारखी जेवली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी. तनयाने आग्रह केला, तिने नाही म्हटलं नाही. स्वरालीने आईची आवडती अळूवडी दोनदा वाढली. आमोददेखील समोर बसून म्हणाला, "आईला आवडलं असतं. पान स्वच्छ करून जेवणारं माणूस तिला आवडायचं." घरात सकाळपासून पहिल्यांदा कोणी सरळ आवाजात बोललं. तनयाने ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. वाकून नमस्कार केला. आमोदनेही केला.

तेवढ्यात परत बेल वाजली.

या वेळी दारात पन्नाशीच्या एक ठेंगण्या बाई होत्या, घामाघूम. "मी दीपमाला. गुरुजींनी पाठवलंय. सदाशिव पेठेत अडकले हो, तिथले भटजीच उशिरा आले. झालं का सगळं तुमचं?"

क्षणभर कोणाला काही कळेना. तनया एकदा दाराकडे, एकदा पाटाकडे बघत राहिली.

"मग या कोण?" स्वराली म्हणाली.

पाटावरची बाई उठून उभी राहिली. ओटी तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. "मी सांगत होते," ती म्हणाली. "मी पायल. रोहनची बायको."

दीपमालाबाईंना काय ते कळलं नाही, पण आपण आत यायची ही वेळ नव्हे एवढं कळलं. त्या आल्या पावली जिना उतरल्या.

श्रीनिवासराव तिच्या तोंडाकडे नीट बघत राहिले. खटल्याचं सव्वा वर्ष ही बाई त्याच दालनात बसत असणार. पण त्या बाजूच्या बाकाकडे त्यांच्यातल्या कोणीच कधी मान वळवली नव्हती.

"तू जेवलीस," आमोद म्हणाला. त्याला आधी तेवढंच सुचलं. "माझ्या आईच्या श्राद्धाला तू जेवलीस. मी तुला नमस्कार केला."

"तुम्ही बसवलंत. मला बोलू दिलं नाहीत."

"दहा वेळा बोलता आलं असतं! तोंडात वडा होता म्हणून थांबलीस?"

"आमोद," तनया म्हणाली.

"तू गप्प बस. दार उघडताना विचारायला काय झालं होतं तुला?"

पायलने मान वर केली. "कालपासून दवाखान्यात बसलेय. पोटात काही नव्हतं. ताईंनी पाय धुतले आणि म्हणाल्या, आज तुम्ही आमच्या आई. मला उठता आलं नाही. एवढंच. मी माफी मागायला आलेली नाही. माफी यांची यांनी मागावी. सासूबाई चार दिवस काढतील म्हणतात डॉक्टर. पोलीस विचारायला येतील तेव्हा तुम्ही नाही म्हणू नका, एवढं सांगायला आले."

"आणि आम्ही का ऐकायचं?" हे स्वराली म्हणाली. सकाळपासून भांडणारी हीच होती. आता तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मी आईसाठी केलेल्या अळूवड्या तुला वाढल्या. दोनदा. काय धीटपणा म्हणायचा हा! सकाळी मी तुझ्या नवऱ्याच्या बाजूने दादाशी भांडले, बाई. मूर्खपणा केला."

"मूर्खपणा तुमच्या आईंनी केला," पायल ताडकन म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाही ते नको होतं, पण शब्द सुटला होता. "दोन पावलं बाजूला झाल्या असत्या तर दोन्ही घरं उभी असती. अख्खं पुणं फुटपाथवर गाडी घालतं. जन्मठेप तेवढी आमच्याच घराला."

"सात वर्षांना जन्मठेप म्हणत नाहीत," आमोद म्हणाला. "आणि आता बाहेर हो. ती ओटी इथे ठेव."

पायलने ओटी खाली ठेवायला हात पुढे केला. तनया मधे आली. "ओटी परत घ्यायची नाही," ती म्हणाली. "भरलेली ओटी घरात परत घेणार नाही मी. आमोद, तिचे पाय मी धुतलेत. खोटे नव्हते धुतले."

"ती कोण आहे ते कळलंय ना तुला?"

"कळलंय. मघाशी तिला जेवताना बघून आई आठवल्या तुला. ती काय आता बदलली? तीच बाई आहे."

आमोदने बायकोकडे असं पाहिलं, की जणू इतक्या वर्षांत प्रथमच बघत असावा. मग तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

पायल जिन्यात आली. श्रीनिवासराव तिच्यामागे आले. का आले ते त्यांना सांगता आलं नसतं. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"काका, एक विचारू? रागावू नका. हे म्हणतात, तुम्ही यांना हात केला होतात. जा म्हणून."

श्रीनिवासरावांनी कठडा धरला.

"म्हणतात, काका स्वतः फुटपाथवरून खाली उतरले, मला म्हणाले जा बाबा जा, म्हणून मी गाडी पुढे घेतली. तर काकू हलेनात. वकिलांनी कोर्टात बोलू दिलं नाही. म्हणाले, म्हाताऱ्या माणसावर ढकललंस तर जज आणखी चिडतील. मीही म्हटलं, खोटं बोलू नका. आता पाच वर्षांत दर भेटीला तेच सांगतात. खरं काय ते मला माहीत नाही, म्हणून विचारलं."

"आत का नाही विचारलंत, सगळ्यांसमोर?"

"त्याने काय झालं असतं? ढकललं तर यांनीच ना." तिने ओटी पिशवीत घातली. "येते मी. दवाखान्यात कोणी नाही."

हवालदार शेलार दोनला म्हणून अडीचला आले. माणूस मावळातला होता. पंख्याखाली बसले, पाणी प्यायले, पॅडवर कागद लावला. समोर श्रीनिवासराव. स्वराली खिडकीशी, आमोद दरवाज्याला टेकून. तनया आतच राहिली.

"हां, साहेब," हवालदार म्हणाले. "बंदी रोहन, पॅरोलचा अर्ज. तुम्हाला त्याच्यापास्नं काही धोका हाय का? भीती वाटते का?"

"हो म्हणा, बाबा," आमोद म्हणाला. "एका शब्दाचं काम आहे."

"भीती कसली? वाटत नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "पण तो सुटून यावा असंही मला वाटत नाही."

"तसलं न्हाई चालत. वरून फॉरमॅटच असा हाय. भीती हाय का न्हाई, एवढंच."

श्रीनिवासराव खुर्चीत सरळ बसले. मग कोर्टात न्यायाधीश त्यांना मजकूर सांगत, त्याच संथ आवाजात म्हणाले, "लिहा. त्या दिवशी मी पत्नीबरोबर होतो. स्कूटर फुटपाथवर आली तेव्हा मी फुटपाथवरून खाली उतरलो. त्या मुलाला हाताने खूण केली आणि जा म्हणालो. कारण मला उशीर होत होता आणि चारचौघांत होणारी भांडणं मला आवडत नव्हती. पत्नीलाही मी म्हणालो, बाजूला हो. ती झाली नाही. साक्षीत मी फक्त 'दोन पावलं मागे होतो' एवढंच सांगितलं."

हवालदारांचं पेन दुसऱ्या वाक्यालाच थांबलं होतं. "हे कशाला आता, साहेब? केस संपली की."

"माझी संपली नाही. लिहा. ढकललं त्याने, ते खरं आहे, त्याची शिक्षा त्याने भोगावी. पण मला त्याची भीती वाटते असं लिहून मी सही करणार नाही. मी तो आत राहावा म्हणत होतो, कारण बाहेर आला असता तर हे बोलला असता."

खिडकीबाहेर कोणीतरी रिव्हर्स घेत होतं, त्या गाडीची पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर आमोद म्हणाला, "पाच वर्षं मी लोकांना सांगतोय, माझे आईवडील दोघं उभे राहिले म्हणून."

"तू सांगत होतास."

"तुम्ही अडवलं नाहीत."

"नाही अडवलं. मला अडवता येत नाही. ते तिला यायचं."

"म्हणजे तुम्ही रस्ता दिलात," आमोद म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "त्याला सात वर्षं. तुम्हाला काय द्यायचं, बाबा? सांगा ना, कोर्टात आयुष्य गेलं तुमचं."

आमोद पुढे आला आणि हवालदारांसमोरची खुर्ची ओढून बसला. "माझा जबाब घ्या. मी मयताचा मुलगा. मला भीती वाटते. माझ्या बायकोला, मलाही. आज त्याची बायको खोट्या बहाण्याने घरात घुसली होती, तेही लिहा."

"खोट्या बहाण्याने नाही," आतून तनयाचा आवाज आला. "मी ओढून आणलं तिला."

"लिहा," आमोद म्हणाला.

हवालदारांना हायसं वाटलं. आता कागद भरणं सोपं होतं. दोन मिनिटांत त्यांनी तो भरला. आमोदने सही केली. श्रीनिवासरावांच्या जबाबावर त्यांचीही सही घेतली. तो जबाब चारच ओळींचा होता आणि त्यात खाली उतरल्याचा उल्लेख नव्हता. दोन कागद एकावर एक टाचले. आमोदचा वर ठेवला. साहेब कोणता वाचतील ते श्रीनिवासरावांना सांगायची गरज नव्हती.

"म्हातारी दोन दिसाची सोबती हाय म्हणत्यात," उठताना हवालदार म्हणाले. "रिपोर्ट पोचायलाच आठवडा जाईल. तुमी दोघं उगाच भांडलात." आणि गेले.

आमोदने बूट चढवले, लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. श्राद्धाचा स्वयंपाक तसाच झाकलेला होता, घरातलं कोणी जेवलं नव्हतं. "ऑफिसला जातो," तो कोणाला उद्देशून न म्हणता म्हणाला. दार त्याने हळूच ओढून घेतलं.

स्वराली खिडकीपाशीच होती. ती पाठमोरीच म्हणाली, "बाबा, आईला कळलं होतं? तुम्ही खाली उतरलात ते?"

श्रीनिवासराव रिकाम्या पाटाकडे बघत होते. आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं.

"कळलं," ते म्हणाले. "ती मागे वळून माझ्याकडेच बघत होती. म्हणून तिला त्याचा हात आलेला दिसला नाही."